साक्ष त्यांची, हप्ते माझे

प्रिय मावशी,

प्रभूच्या नावाने सलाम.

मी नगर जिल्ह्यातली. आमचं घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती. मी स्टाफ नर्स आहे. लग्नाला सतरा वर्षं झाली, त्यातली बारा नवऱ्याच्या दारूत गेली. क्रूसाचं मंगळसूत्र सोनाराकडे गहाण गेलं, ते सुटलंच नाही. माझ्या सहीवर पतसंस्थेचं कर्ज काढलं, त्याचा हप्ता अजून माझ्याच पगारातून जातो. प्यायल्यावर हातही उचलायचे. मंडळीच्या गायनमंडळात गायचे मी, तेही या सगळ्यात सुटलं.

गेल्या वर्षी एका संजीवन सभेत ते पुढे गेले, ढसाढसा रडले आणि दारू सोडली. खरंच सोडली. आता ते एका नव्या सहभागितेत, म्हणजे वेगळ्या प्रार्थनामंडळीत जातात, तिथे त्यांनी पुन्हा बुडून बाप्तिस्मा घेतला, पगाराचा दशमांश देतात. माइकवर साक्ष देतात, त्यात मंगळसूत्र, मारहाण सगळं सांगतात. लोक हालेलुया म्हणतात, बायका मला मिठी मारून ‘किती भाग्यवान तुम्ही’ म्हणतात. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटतं.

मी रोज संध्याकाळी दारात त्यांच्या हातातलं हेल्मेट घ्यायला पुढे होते, ते तोंडाचा वास घ्यायला. परवा त्यांच्या ते लक्षात आलं. म्हणाले, ‘शास्त्र म्हणतं जुने ते होऊन गेले. तू अजून जुन्यातच बसलीयस. तुझ्यात विश्वास नाही.’ तिथले पाळक म्हणाले, उधळ्या पुत्राच्या थोरल्या भावासारखं वागू नका, तुम्हीही बाप्तिस्मा घ्या. चौदा वर्षांचा मुलगा बापाने घेतलेल्या कुटुंबप्रार्थनेला बसत नाही, त्यावरून रोज वाद.

मी याच दिवसासाठी इतकी वर्षं प्रार्थना केली. मग मला आनंद का होत नाही? माझाच विश्वास कमी पडतोय का?

– एक बहीण

*

प्रिय ताई,

तुम्हालाही सलाम.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्यालाच लटकलेलं आहे. नाही, तुमचा विश्वास कमी पडलेला नाही. ज्या बाईने बारा वर्षं दारू पिणाऱ्या माणसासाठी गुडघे टेकले, रात्रपाळ्या केल्या, पोर वाढवलं आणि कर्ज फेडलं, तिला ‘तुझ्यात विश्वास नाही’ असं म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. वर्षापूर्वी सभेत पुढे गेलेल्या माणसाला तर नाहीच नाही. हे वाचून मी रागावलेय असं तुम्हाला वाटेल. थोडी रागावलेच आहे.

बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा बारावा अध्याय काढा. हेरोद राजाने येशूच्या शिष्याला, पेत्राला तुरुंगात टाकलं आहे आणि मंडळी त्याच्यासाठी देवाची एकाग्रतेने प्रार्थना करते आहे. देवदूत रात्री पेत्राला सोडवतो. तो येतो मार्काच्या आईच्या घरी, जिथे ही प्रार्थना चालू आहे, आणि दार ठोठावतो. रुदा नावाची मुलगी त्याचा आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार उघडायचं सोडून आत पळते, ‘पेत्र आलाय!’ आतली माणसं तिला म्हणतात, ‘तू वेडी आहेस.’ ज्याच्यासाठी प्रार्थना चालली होती तोच दारात उभा, आणि प्रार्थना करणाऱ्यांनाच ते खरं वाटेना. पेत्र तिकडे ठोठावतोच आहे. हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकाने हे जसंच्या तसं लिहून ठेवलं, आणि त्या लोकांना त्याबद्दल कुणी दटावल्याचं मात्र कुठेही लिहिलं नाही.

मागितलेलं दारात आलं तरी ते पटायला माणसाला वेळ लागतो. शिवाय तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. दारू चालू होती तेव्हा तुम्हाला रडायला उसंत नव्हती. आज घरात किती पैसे उरलेत, मुलगा झोपलाय का, शेजाऱ्यांनी काय ऐकलं असेल, यातच दिवस संपायचा. आता घर शांत झालं, आणि इतकी वर्षं दाबून ठेवलेलं एकेक वर यायला लागलं. त्यात मंगळसूत्र आहे, सुटलेलं गाणं आहे, तुमची पंचविशी आणि तिशी आहे. जे गेलं त्याचं दुःख आधी होतं, आनंद मागून येतो. तो आला नाही म्हणून स्वतःला बोल लावू नका.

आता ते वचन. दुसरे करिंथकरांस, पाचवा अध्याय, सतरावं वचन. जो ख्रिस्ताच्या ठायी आहे तो नवी उत्पत्ती आहे, जुने ते होऊन गेले. ताई, मी हे वचन तसूभरही पातळ करणार नाही. आपल्या विश्वासाचा तो गाभाच आहे. माणसाची ओळख त्याच्या सर्वांत वाईट दिवसावरून ठरत नाही, ती ख्रिस्तावरून ठरते. ती कमवावी लागत नाही, मिळते. दारुडा, कर्जबुडव्या, बायकोवर हात टाकणारा ही नावं देवापुढे तुमच्या नवऱ्याच्या अंगावरून उतरली आहेत. त्यांनी या वचनावर रोज सकाळी उभं राहावं. संध्याकाळी कामावरून येताना गुत्त्याच्या वळणावर जीव ओढ घेईल तेव्हा तेच त्यांना धरून ठेवेल. पण ते वचन त्यांना स्वतःच्या पायाखाली घ्यायला दिलेलं आहे, बायकोच्या तोंडावर हात ठेवायला दिलेलं नाही.

आणि सतरावं वचन वाचून पुस्तक मिटायचं नसतं. लगेच अठरावं आहे. देवाने ख्रिस्ताद्वारे आपला स्वतःशी समेट केला आणि आपल्याला समेटाची सेवा दिली. नव्या उत्पत्तीला मिळालेलं पहिलं काम हे आहे. समेट करायचा तर ज्याचं नुकसान झालं त्याचं म्हणणं आधी ऐकून घ्यावं लागतं, पुरतं ऐकून घ्यावं लागतं. ‘ते सगळं होऊन गेलं’ असं नुकसान करणाऱ्यानेच जाहीर करून टाकलं, की समेटाचं दार तिथेच बंद होतं.

हे वचन लिहिणाऱ्या पौलाचं स्वतःचं काय झालं, तेही बघा. दिमिष्काच्या वाटेवर त्याला प्रभू भेटला. याहून मोठा पालट कुणाचा झाला असेल? तरी तीन वर्षांनी तो यरुशलेमला गेला तेव्हा तिथले शिष्य त्याला भ्यायले. हा खरोखर शिष्य झालाय यावर त्यांचा विश्वास बसेना. का बसावा? याच माणसाने घरोघर शिरून बायकापुरुषांना ओढून तुरुंगात टाकलं होतं. विश्वासासाठी मारल्या गेलेल्या स्तेफनावर धोंडे पडत होते तेव्हा मारणाऱ्यांचे कपडे याच्या पायाशी ठेवलेले होते. पौलाने त्या घाबरलेल्या शिष्यांना ‘तुम्ही जुन्यातच बसला आहात’ असं सुनावल्याचं शास्त्रात कुठे नाही. बर्णबा पुढे झाला, त्याला प्रेषितांकडे घेऊन गेला, काय घडलं ते त्याने सांगितलं, मग हळूहळू येणंजाणं सुरू झालं. आणि पौलाने स्वतः आपलं जुनं कधी लपवलं नाही. कितीतरी वर्षांनी करिंथकरांना लिहितानाही तो म्हणतो, मी देवाच्या मंडळीचा छळ केला, प्रेषित म्हणवून घ्यायला मी लायक नाही. नवा झालेला माणूस आपलं जुनं दुसऱ्यांपेक्षा स्वतःच नीट लक्षात ठेवतो, ते असं.

तुमच्या घरालाही एका बर्णबाची गरज आहे. दोघांचं ऐकणारा, दोघांनाही प्रश्न विचारणारा, कुणाच्या साक्षीने भारावून न जाणारा माणूस. तुमच्या जुन्या मंडळीत असे कुणी वडील, किंवा पाळकांच्या पत्नी असतील तर त्यांना घरी बोलवा.

इथे तुमच्या नवऱ्याच्या बाजूनेही बोलायला हवं. इतक्या वर्षांच्या व्यसनानंतर वर्षभर दारूला न शिवणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि त्यामागे देवाचा हात आहे असंच मी मानते. तुम्हीही पत्रात ‘खरंच सोडली’ असं लिहिलंय. ते त्यांना तोंडाने सांगितलंय का कधी? ‘तुम्ही सोडलीत, ते मला दिसतंय’ एवढं म्हणा. ‘माझा आता पूर्ण विश्वास बसलाय’ असं म्हणायची गरज नाही, आणि ते खोटंही होईल. तुम्ही नर्स आहात. हाड जुळल्याचं एक्स-रेत दिसलं तरी पेशंट त्या पायावर लगेच भार देत नाही आणि तुम्हीही देऊ देत नाही. म्हणून हाड जुळलंच नाही असं कुणी म्हणत नाही.

आता पैशाकडे येते. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात टोचलेलं वाक्य तिथेच आहे. ते पगाराचा दशमांश सहभागितेत देतात, आणि त्यांनी काढलेल्या कर्जाचा हप्ता तुमच्या पगारातून जातो.

मार्काच्या सातव्या अध्यायात येशू शास्त्री-परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या यहूदी धर्मपुढाऱ्यांना नेमकं याच गोष्टीवरून खडसावतो. त्यांच्यात अशी चाल होती, की आईबापांना जे द्यायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेलं आहे असं म्हटलं, की आईबापांना काही द्यायला नको. येशू म्हणाला, तुम्ही आपल्या चालीरीतींनी देवाचं वचन रद्द करता. घरातल्या माणसाचं देणं बुडवून वेदीवर ठेवलेलं अर्पण त्याला मान्य नव्हतं. दशमांश देऊ नये असं मी म्हणत नाही. हप्ता आधी, दशमांश त्याच्या मागून. यावर तिथल्या पाळकांची हरकत असेल तर हा अध्याय त्यांनी मंडळीसमोर उघडून वाचावा.

जक्कयाची गोष्ट तर रविवारच्या शाळेतल्या पोरालाही पाठ असते, झाडावर चढलेला बुटका जकातदार. पण झाडावरून उतरल्यावरचा भाग आपण घाईने उरकतो. येशू त्याच्या घरी आधी गेला, न मागता गेला. कृपा आधी आली. मग जक्कय उभा राहून म्हणाला, माझं अर्धं धन गरिबांना देतो, आणि कुणाचं काही लुबाडलं असेल तर चौपट परत करतो. त्यावर येशू म्हणाला, आज या घराला तारण प्राप्त झालं आहे. घराला, असं म्हणाला तो. मोशेच्या नियमशास्त्रातही, गणनेच्या पाचव्या अध्यायात, पाप कबूल करून थांबायचं नाही असं आहे. भरपाई पुरती करायची, वर पाचवा हिस्सा घालायचा आणि ज्याचा अपराध केला त्याच्या हातात द्यायचा. परतफेडीने तारण विकत मिळत नाही, पण तारण झालेल्या माणसाचा हात आपोआप खिशाकडे जातो.

म्हणून पगार झाल्यावरच्या पहिल्या रविवारी दुपारी, मुलगा घरात नसताना, दोघं टेबलाशी बसा. पतसंस्थेचं पासबुक, कर्जखात्याचा उतारा आणि सोनाराची पावती असेल तर तीही समोर ठेवा. भांडायचं नाही, रडू आलं तर येऊ द्या. तीन गोष्टी मागा. पुढच्या महिन्यापासून कर्जाचा हप्ता त्यांच्या खात्यातून ऑटो डेबिटने जाईल. आजवर तुम्ही भरलेल्या हप्त्यांची बेरीज एका कागदावर त्यांच्या हाताने लिहिली जाईल, खाली त्यांची सही. आणि मंगळसूत्राच्या किमतीसाठी तुमच्या एकटीच्या नावाने पोस्टात आरडी उघडली जाईल, मग दरमहा पाचशे का असेनात. ‘एवढी पैशाला चिकटून बसतेस’ असं कुणी म्हणालं तर म्हणू द्या. त्या कागदावर लिहिताना त्यांचा हात जरा थबकेल, तेव्हा त्यांच्या नवेपणाचं तुम्हाला जे कळेल ते दहा साक्षींतून कळणार नाही.

साक्षीबद्दल मी स्पष्ट बोलते. साक्ष देणं चांगलं आहे. एकाची ऐकून दुसऱ्याला उभं राहायचं बळ येतं. पण त्यांच्या साक्षीतला अर्धा भाग त्यांचा नाही, तुमचा आहे. तुमच्या अंगावर उठलेले वळ, तुमच्या गळ्यातून गेलेलं सोनं ही तुमची गोष्ट आहे. ती तिसऱ्या रांगेत तुम्ही बसलेल्या असताना, तुम्हाला न विचारता, माइकवर सांगायचा हक्क त्यांना नाही. त्यांनी सांगावं, ‘मी दारू पीत होतो, घराचं वाटोळं केलं, प्रभूने मला उचललं.’ तेवढ्याने देवाचा गौरव पुरेपूर होतो. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूने क्रम लावून दिला आहे. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण कर. माइक ही आजची वेदीच आहे.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातली माणसंही हेच सांगतात. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. ती एका ख्रिस्ती जागृतीच्या चळवळीतूनच फुटलेली, हे आपल्या पाळकांना सहसा ठाऊक नसतं. त्यांच्या बारा पायऱ्यांपैकी आठवी म्हणते, ज्यांना दुखावलं त्या सगळ्यांची यादी कर. नववी म्हणते, जमेल तिथे त्यांची थेट भरपाई कर, मात्र तसं केल्याने त्यांना किंवा आणखी कुणाला इजा होणार असेल तिथे नको. तुमच्या नवऱ्याने अशा एखाद्या गटात जावं. ‘प्रभूने सोडवलंय, मला कशाला गट?’ असं ते म्हणतील. प्रभूने मेलेल्या लाजराला कबरेतून बाहेर बोलावलं, पण त्याच्या अंगावरची प्रेतवस्त्रं सोडायचं काम भोवतालच्या माणसांना सांगितलं.

थोरल्या भावाचं बोलणं तुम्हाला फार लागलंय. साहजिक आहे. धन उधळून परतलेल्या धाकट्यासाठी बाप मेजवानी देतो आणि थोरला रुसून बाहेर उभा राहतो, असा तो दाखला. त्या दाखल्यातल्या धाकट्याने स्वतःच्या वाट्याचं धन उधळलं. तुमच्या घरात उधळलं गेलं ते तुमच्या वाट्याचं. हा दाखला येशूने सांगितला तो पापी लोकांच्या पंगतीला नाक मुरडणाऱ्या परूश्यांना, नवऱ्याचा मार खाल्लेल्या बाईला नव्हे. आणि समजा, तुम्ही थोरल्या भावासारख्या बाहेर उभ्या आहात. मग बाप काय करतो? आत मेजवानी चालू असताना ती सोडून बाहेर येतो. थोरल्याची समजूत घालतो. ‘बाळा, तू नेहमीच माझ्याबरोबर आहेस, आणि जे माझं ते सगळं तुझंच आहे.’ एक शब्द रागाचा नाही. तुम्हाला तो दाखला ऐकवणाऱ्यांनी बापाचं हे बाहेर येणं केलं असतं, तर तुम्हाला मला पत्र लिहावं लागलं नसतं.

पुन्हा बाप्तिस्मा घ्यायचा का? कुणाच्या आग्रहाखातर घेऊ नका. बालपणीचा बाप्तिस्मा की जाणत्या वयातला, यावर ख्रिस्ती मंडळ्यांत शतकानुशतकं मतभेद आहेत, ते तुमच्या स्वयंपाकघरात मिटायचे नाहीत. १९७० साली नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली तेव्हा दोन्ही परंपरांच्या मंडळ्या एकत्र आल्या आणि दोन्ही पद्धती मान्य झाल्या. लहानपणी तुमच्या आईवडिलांनी तुम्हाला देवापुढे नेलं, त्याने तुम्हाला आपलं म्हटलं. ते कमी पडलेलं नाही.

आणि नवऱ्याच्या पालटाबरोबर बायकोचाही पालट त्याच तारखेला व्हायला हवा, हे कुठून आलं? तुमच्याच नगरमध्ये ज्यांचं इतकं आयुष्य गेलं त्या नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, लक्ष्मीबाईंचा १९०० सालचा. मधली काही वर्षं त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या, एकत्र आल्यावरही काही काळ आपलं सोवळं सांभाळून राहिल्या. त्या आल्या त्या स्वतःच्या पायांनी, स्वतःचा विचार करून आल्या. म्हणून टिळक गेल्यावरही त्यांचा विश्वास मोडला नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. त्यांनी आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय, की ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला होता, पण खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता हे आपल्याला त्यानंतर आठ वर्षांनी कळलं. ज्या बाईने दौंडजवळच्या केडगावला हजारो बायकामुलींना आसरा दिला, तिच्या बाबतीत देव इतका थांबला. तुमच्यासाठीही थांबेल.

आता थोडं तुमच्याबद्दल. पत्रभर ‘ते’ आहेत. तुम्ही आधी दारुड्याची बायको होतात, आता साक्षीतली बायको आहात. नाव बदललं, तरी दोन्ही वेळा गोष्ट त्यांचीच. उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायात हागार आपल्या मालकिणीच्या, सारायच्या जाचातून रानात पळून जाते. साराय आणि तिचा नवरा अब्राम तिच्याबद्दल बोलतात ते ‘दासी’ म्हणून. तिला पहिल्यांदा नावाने हाक मारतो तो देवाचा दूत. विचारतो, कुठून आलीस, कुठे चाललीस? आणि हागार देवाला नाव देते, ‘पाहणारा देव’. ख्रिस्तातली नवी ओळख फक्त व्यसनातून सुटलेल्यांसाठी राखून ठेवलेली नाही. जिने सगळं निभावलं तिलाही ती मिळायची आहे. माझा तुम्हाला आग्रह आहे, येत्या शनिवारी गायनमंडळाच्या सरावाला जा. संध्याकाळचा स्वयंपाक त्यांना करू दे. आवाज बसला असेल तर बसका गा.

हेल्मेटच्या निमित्ताने चोरून वास घेणं मात्र संपवा. तुम्ही संशय घेता हे पाप आहे म्हणून नाही. पहाऱ्यावर उभं राहून तुम्ही थकला आहात म्हणून. उघड ठरवून टाका. पुढचे सहा महिने घरी आल्यावर ते स्वतःच समोर येतील, दोन वाक्यं बोलतील, आज दिवस कसा गेला, तलफ आली होती का. त्यांनी हे राग न धरता मान्य केलं तर तुमचा निम्मा भार उतरेल. आणि कधी पाय घसरलाच, तर वर्षभराचं सगळं खोटं होतं असं समजू नका, पण झाकूनही ठेवू नका. त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. तुमच्यासाठीही गट आहेत. अल-अनॉन हा व्यसनी माणसाच्या घरच्यांचा गट, आणि पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी ‘सहचरी’ चालतो. दारू पिणाऱ्याबरोबर घरातली माणसंही आजारी पडतात, हे तिथे कुणी नव्याने समजावून सांगावं लागत नाही.

एक गोष्ट इतर सगळ्यांपासून वेगळी ठेवते. पुन्हा हात उठला, एकदा जरी, दारू न पिता जरी, तर त्या क्षणी मुलाला घेऊन बाहेर पडा आणि १८१ या महिला हेल्पलाइनला किंवा ११२ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तुमच्यासाठी आहे, ख्रिस्ती बायकांसाठीही आहे. क्षमा करणं म्हणजे मार खाणं असं प्रभूने शिकवलेलं नाही. ‘सत्तर गुणिले सात वेळा क्षमा कर’ हे वचन तुम्हाला ऐकवणारा कुणी भेटला तर त्याच्या घरी राहायला जागा आहे का ते आधी विचारा.

राहिला मुलगा. कलस्सैकरांस पत्राचा तिसरा अध्याय तुमच्या नवऱ्याला वाचायला द्या. जुना मनुष्य काढून टाका, नवा धारण करा, हे त्यात नवव्या-दहाव्या वचनात आहे, ते त्यांना तोंडपाठ असणार. पण त्याच दमात तो अध्याय घरात शिरतो. नवऱ्यांनो, आपल्या बायकांवर प्रीती करा, त्यांच्याशी कठोरपणे वागू नका. बापांनो, आपल्या मुलांना चिरडीस आणू नका, नाहीतर ती खिन्न होतील. नव्या मनुष्याची परीक्षा पौलाने कुठल्या सभेत ठेवली नाही, घरातच ठेवली.

चौदा वर्षांच्या पोराने लहानपणापासून जे पाहिलं ते त्याला प्रार्थनेला बसवून पुसलं जाणार नाही. सक्ती आजच थांबवा. बापाने त्याच्याशी एकदा एकट्याने बोलावं, हातात शास्त्र न घेता, प्रभूचं नाव मध्ये न आणता. ‘मी तुझ्या आईला मारलं, तू ते बघितलंस, ते चूक होतं. तू आत्ता काही बोलायची गरज नाही.’ एवढंच, आणि उठून जावं. उत्तर मागायचं नाही, मिठीची वाट बघायची नाही. मग बरेच महिने नुसतं वेळेवर हजर राहावं. मुलाच्या शाळेची पुढची पालकसभा केव्हा आहे ते विचारून ठेवा. आजवर दरवेळी तुम्हीच ड्यूटी बदलून धावला असाल. या वेळी मुलाला विचारा, पप्पा आले तर चालेल का. तो ‘नाही’ म्हणाला तर तुम्ही जा, आणि त्याच्या पुढच्या सभेच्या वेळी पुन्हा विचारा.

– तुमची मावशी